दाफिन्काबाईंची प्रश्नावली

दाफिन्का कारामिहोवा या बाईंना कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालत नसे. ती पूर्ण कळली पाहिजे, आणि दुपारच्या जेवणाआधी निदान तिघींच्या कानावर गेली पाहिजे. बल्गेरियातल्या रुसे शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं परगावचे फोन जोडून दिले होते. फोन जोडून दिल्यावर कानावरचं यंत्र बाजूला काढून ठेवायचं असतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते त्यांनी तेवढंसं मनावर घेतलं नाही. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या मुलाला सोफियात नोकरी लागली, कुणाच्या सासूचं ऑपरेशन कसं झालं, हे त्या घरच्या लोकांच्या थोडं आधीच दाफिन्काबाईंना ठाऊक असायचं.

अशा बाईंना बासष्टाव्या वर्षी जी अर्धवेळ नोकरी मिळाली, तिची पहिली अट होती की ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही. त्यांची मैत्रीण त्सोन्का हे ऐकून इतकी हसली, की तिला बिल्डिंगखालच्या बाकाची पाठ धरावी लागली.

"तू?" त्सोन्का म्हणाली. "अगं, तुला बातमी पोटात ठेवायला सांगायची म्हणजे मांजराला दूध राखायला बसवण्यासारखं आहे."

"करून दाखवते," दाफिन्काबाई म्हणाल्या आणि रागावून वर गेल्या.

काम असं होतं. देशात किती लोक कुठली नशा करतात याची पाहणी सोफियातली एक संस्था करत होती. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पत्ते काढलेले होते. त्या पत्त्यावर जायचं, घरातल्या पंधरा ते चौसष्ट वयाच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्यालाच बसवायचं, आणि छापलेले प्रश्न जसेच्या तसे वाचायचे. आयुष्यात कधी एकदा तरी घेतलंय का, गेल्या बारा महिन्यांत घेतलंय का, गेल्या तीस दिवसांत घेतलंय का. दारूपासून सुरुवात करून झोपेच्या गोळ्यांपर्यंत बाईंनी विचारायचं. त्यापुढची गांजा-हेरॉइनची पानं मात्र समोरच्याने स्वतः भरायची, पाकिटात घालायची आणि पाकीट चिकटवून बाईंच्या हातात द्यायचं. ते उघडायचं नाही, उजेडासमोर धरायचं नाही, हातात तोलून बघायचं नाही.

शिकवायला सोफियाहून रालित्सा नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी आली होती. तिने वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये नऊ जणांना दोन दिवस बसवून नियम पाठ करून घेतले.

"चेहरा कोरा ठेवायचा," ती म्हणाली. "कुणी काहीही सांगितलं तरी भुवई हलता कामा नये. सल्ला द्यायचा नाही. समोरच्याला प्रश्न कळला नाही, तर एकच वाक्य बोलायचं: मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवू शकते. आणि माणूस ओळखीचा निघाला तर मुलाखत तिथंच थांबवायची आणि मला कळवायचं."

दाफिन्काबाईंनी घरी आरशासमोर कोऱ्या चेहऱ्याचा सराव केला. त्यांचे यजमान पेन्चो दारातून थोडा वेळ बघत राहिले. "दाढ दुखतेय का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते फुटबॉल बघायला गेले.

ऑक्टोबर निम्मा उलटल्यावर काम सुरू झालं. पहिल्या आठवड्यातच दाफिन्काबाईंच्या लक्षात आलं, की लोकांची चौकशी करणं आणि लोकांना प्रश्न विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. एके ठिकाणी सतरा वर्षांची मुलगी निवडली गेली, तर तिची आई खुर्ची ओढून शेजारी बसली. "विचारा, आमच्यात काही लपवाछपवी नसते," आई म्हणाली, आणि मुलगी छताकडे बघायला लागली. मुलाखत एकटीचीच घ्यायची होती. दाफिन्काबाईंनी नाक वर करून हवा हुंगली आणि विचारलं, "तुमच्याकडे मिरच्या भाजतायत का हो? कसा खमंग वास येतोय." आई उठून स्वयंपाकघरात गेली, तिथून तिने भरलेल्या मिरच्यांची कृती अर्धा तास ओरडून सांगितली, आणि तेवढ्यात मुलीने पानं भरून पाकीट चिकटवलंसुद्धा.

दुसऱ्या एका घरी दाराशी पेना नावाच्या आजी उभ्या होत्या. वय त्र्याऐंशी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मला विचार," आजी म्हणाल्या.

"आजी, चौसष्टच्या पुढच्यांना नाही विचारत."

"का? चौसष्टनंतर माणसाला तोंड नसतं?" आजींनी त्यांना आत ओढून खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात वाटीभर भोपळ्याच्या बिया ठेवल्या. "लिहून घे. आम्ही शेतावर जन्मलो. आई कापणीला जायची तेव्हा आम्हा पोरांना अफूच्या बोंडांचा काढा पाजून झाडाखाली निजवायची. सातही भावंडं. दिवसभर हूं की चूं नाही. माझा एक भाऊ तर पुढे मंत्रालयात कारकून झाला, तिथंही तसाच निजायचा. लिहिलंस?"

दाफिन्काबाईंनी लिहिण्यासारखं केलं. इतक्या घरांमध्ये विचारलं त्याचं कुणी एवढ्या मोकळेपणाने उत्तर दिलं नव्हतं, आणि तेच नेमकं मोजायचं नव्हतं.

तिसरीकडे एका चाळिशीच्या, गळ्यात जाड साखळी घातलेल्या माणसाने स्वतः भरायच्या पानांवरची नशांची यादी मोठ्याने वाचून प्रत्येकापुढे "घेतलंय, घेतलंय" असा धडाका लावला. त्या यादीत मोर्सान नावाची एक नशा होती. ती जगात कुठेच नव्हती. फुशारक्या मारणारे ओळखता यावेत म्हणून संस्थेने ती मुद्दाम घुसडली होती. "मोर्सान?" तो डोळे मिटून म्हणाला. "दोनदा. बुर्गासला. नको ती आठवण." दाफिन्काबाईंची भुवई थरथरली, पण चेहरा कोराच राहिला. जिन्यात आल्यावर मात्र त्यांना कठड्याला टेकून उभं राहावं लागलं.

हे सगळं त्सोन्काला सांगितलं असतं, तर तिने दोन आठवडे दुसरं काही मागितलं नसतं. संध्याकाळी बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत त्सोन्का रोज विचारायची, "मग? आज कोण सापडलं?" आणि दाफिन्काबाई म्हणायच्या, "हवा गार झाली नाही?" त्यांचं तेवढ्या दिवसांत दोन किलो वजन घटलं. पेन्चोंच्या मते ते जिने चढून घटलं.

मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या यादीत नदीकडच्या वस्तीतला एक पत्ता आला. पाचवा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं एका उंच, वाळक्या गृहस्थांनी. कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, घरात एकटेच, वय त्रेसष्ट, जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांनी दाफिन्काबाईंना बसवलं, समोर लिंडनच्या फुलांचा चहा ठेवला आणि ते पहिल्या प्रश्नाची वाट बघत बसले.

पहिले सहा प्रश्न सरळ गेले. सातव्या प्रश्नाला, गेल्या तीस दिवसांत दारू किती वेळा प्यायलात याला, ते म्हणाले, "थांबा हं. सांगतो." आणि गप्प बसले. ती शांतता एवढी लांबली, की तेवढ्या वेळात एखाद्याचे बूट पुसून झाले असते. मग ते म्हणाले, "रोजच. जेवताना एक छोटा पेला राकिया."

दाफिन्काबाईंचं पेन थांबलं. चेहरा त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पण ही शांतता, आणि तिच्या शेवटी खोल विहिरीतून बादली ओढल्यासारखा येणारा हा आवाज त्या कुठेही ओळखल्या असत्या.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या हिवाळ्यापासून चौदा महिने, दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, हा आवाज पोस्टातल्या चार नंबरच्या टेलिफोनच्या खोक्यातून वार्नाच्या एका शाळेत फोन लावत असे. तिकडून नेवेना नावाची चित्रकला शिकवणारी बाई बोलायची. याने डॅन्यूबचं पाणी किती सेंटिमीटर चढलं ते सांगायचं, तिने समुद्रावर लाटा कशा आहेत ते सांगायचं. मध्ये शांतता. पुन्हा पाणी. पोस्टाच्याच वरच्या मजल्यावरच्या एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली दाफिन्का तेव्हा तिशीची, तिच्या डोक्यात नुसता पाण्याचा लोंढा झाला होता. शेवटी मार्चमधल्या एका गुरुवारी तो म्हणाला, "नेवेना, तुला एक विचारायचं होतं." आणि गप्प. दाफिन्काने यंत्र कानावर घट्ट दाबलं. अर्ध्या मिनिटाने तो म्हणाला, "तिकडे पाऊस आहे का?"

तेव्हा दाफिन्काच्या तोंडून थेट त्या लाइनवर निघून गेलं, "अहो, विचारा की एकदाचं."

पलीकडून नेवेना म्हणाली, "कोण आहे तिथे?" आणि दाफिन्काने घाबरून तार उपटली. त्यानंतर तो माणूस गुरुवारी कधी आला नाही. नोकरी जायच्या भीतीने दाफिन्काने हे कुणाला सांगितलं नाही. साऱ्या शहराच्या गोष्टी शेवटपर्यंत ठाऊक असलेल्या बाईंना ही एकच गोष्ट बत्तीस वर्षं मध्येच तुटलेली होती, आणि तोडली होती त्यांनीच.

नियमाप्रमाणे मुलाखत इथं थांबवायची होती. दाफिन्काबाईंनी मनाशी वाद घातला. ओळख म्हणजे चेहऱ्याची. नुसता आवाज म्हणजे ओळख नव्हे. आणि एवढा पाच मजल्यांचा चढ फुकट का घालवायचा? त्या पुढे वाचत गेल्या.

बाविसावा प्रश्न होता, डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिल्याशिवाय झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या घेतल्या आहेत का?

गृहस्थ उठले, आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि त्यांनी झाकण उघडलं. डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या.

"डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या," ते म्हणाले. "पण बायकोला. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या होत्या त्या संपल्या. आता तिसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांच्यातल्या देतात, मी त्यांना लोणच्याची बरणी देतो. आधी एक लागायची, आता दोन. कधी अडीच. हे नशेत धरतात का?"

"मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवू शकते," दाफिन्काबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाचून दाखवला.

"ते ऐकलं मी. पण हे धरतात का?"

"मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवू शकते."

त्यांनी मान तिरकी करून बाईंकडे पाहिलं. 

"हा आवाज ऐकलाय मी. तुम्ही पोस्टात होता," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर."

दाफिन्काबाईंचा कोरा चेहरा कानांपासून लाल व्हायला लागला. "स्वतःबद्दल बोलायला आम्हाला परवानगी नाही," त्या म्हणाल्या.

"नका बोलू. मी बोलतो." ते खुर्चीत नीट बसले. "त्या गुरुवारी फोन तुटला. मला वाटलं, संपलं सगळं. शनिवारी सकाळी नेवेना वार्नाहून बसने इथं येऊन हजर. फोनवर माझ्याबरोबर ती बाई कोण होती, हे बघायला. मी तिला पोस्टात नेलं आणि चार नंबरचं खोकं दाखवलं. त्यात मी एकटाच वाकून मावत होतो. तिने आत डोकावून बघितलं, दार लावून बघितलं, मग म्हणाली, ती बाई कोण होती ते जाऊ दे, ती बोलली ते बरोबर होतं. मग विचारलं मी."

"आणि?" दाफिन्काबाई म्हणाल्या. हा शब्द प्रश्नावलीत कुठेही नव्हता.

"आणि काय. तीस वर्षं संसार झाला. एक मुलगी आहे, ती वार्नाला असते. लग्नाला तुम्हाला बोलवायचं म्हणून आम्ही पोस्टात चौकशीला आलो होतो. वरून कुणी कबूलच होईना."

दाफिन्काबाईंना तो दिवस आठवला. खाली कुणीतरी विचारायला आलंय असं कळल्यावर त्या कोटांच्या खोलीत लपून बसल्या होत्या. बत्तीस वर्षं त्यांना वाटत होतं, की तो तक्रार करायला आला होता.

उरलेली पानं त्या गृहस्थांनी, म्हणजे मेतोदी गान्चेव यांनी, सावकाश भरली आणि पाकीट चिकटवून दिलं. एरवी चाळीस मिनिटांची मुलाखत पावणेतीन तास चालली. निघताना बाईंनी मदतकेंद्राचा नंबर छापलेला कागद नियमाप्रमाणे टेबलावर ठेवला. मेतोदींनी त्यावर चहाचा कप ठेवला.

घरी आल्यावर दाफिन्काबाईंना जेवण गेलं नाही. गोष्टीचा शेवट कळला होता, तोही चांगला, पण त्यांच्या डोळ्यांसमोरून तो डबा हलेना. दोन गोळ्या, कधी अडीच, आणि वर राकिया. पाचव्या मजल्यावर एकटा माणूस. आणि आपण काय बोललो, तर प्रश्न पुन्हा वाचून दाखवू शकते.

सकाळी नऊला त्यांनी रालित्साला फोन केला. "एक मुलाखत रद्द करायची आहे. माणूस ओळखीचा निघाला."

"किती ओळखीचा?"

"चौदा महिने. दर गुरुवारी."

रालित्सा म्हणाली, "मग रद्दच करावी लागेल, बाई. राखीव यादीतला दुसरा पत्ता देते. पण हे तुम्ही काल तिथंच का नाही थांबवलंत?"

"राहवलं नाही," दाफिन्काबाई म्हणाल्या. "आता मला सांग, रद्द झाली म्हणजे तो काही आपल्या पाहणीतला माणूस राहिला नाही?"

"नाही."

"मग मी त्याला सल्ला देऊ शकते?"

"त्याबद्दल आपला काही नियम नाही," रालित्सा म्हणाली. तिच्या आवाजावरून ती हसत असावी.

दुपारी दाफिन्काबाई पुन्हा पाच मजले चढल्या आणि त्यांनी पाकीट मेतोदींच्या हातात परत दिलं. "हे तुमचं. मोजलं जाणार नाही."

"उघडा, वाचा की. त्यात काही नाही."

दाफिन्काबाईंची बोटं क्षणभर पुढे झाली. मग त्यांनी हात पर्समागे नेले. "फाडा ते. आणि आता माझं ऐका. काल मी नोकरीत होते, आज नाही. दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या, त्याही वाढत चाललेल्या, आणि वर दारू. एक दिवस सकाळी उठणारच नाही तुम्ही. उद्या दवाखान्यात जायचं."

"डॉक्टर विचारतील, दोन वर्षं काय करत होता."

"विचारू दे. तुम्ही उत्तर द्यायला जेवढा वेळ लावता तेवढ्यात त्यांची वेळ संपेल."

मेतोदी हसले. हसण्याची सवय गेली असावी, कारण मध्येच ठसका लागला. परतताना दाफिन्काबाईंनी तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवून तिथल्या बाईंनाही सुनावलं. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता लोणचं मिळायचं नाही का?"

डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या दिवसांची सवय एकदम सोडायची नाही, त्याने अपाय होईल. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी करायची, तपासायला यायचं, आणि राकिया मात्र आजपासून बंद. पहिले दोन महिने मेतोदींचे हाल झाले. घाम यायचा, चिडचिड व्हायची, आणि मध्यंतरी एकदा "मला नको तुमचे सल्ले" म्हणून त्यांनी दाफिन्काबाईंना दारातून परतवून लावलं. चार दिवसांनी बाई पुन्हा गेल्या. दार उघडलं गेलं.

इकडे बाकावर वेगळंच शिजत होतं. त्सोन्काची भाची नदीकडच्या वस्तीत राहायची. दाफिन्काबाई आठवड्यातून दोनदा एका विधुराच्या घरी जातात, काम संपलं तरी जातात, आणि येताना हातात बरणी असते, एवढी बातमी त्सोन्काला पुरेशी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या फिरवलेल्या दाफिन्काबाईंची बातमी आता तीन बिल्डिंगा फिरून आली.

"मला तरी सांग," त्सोन्का म्हणाली. "मी काय परकी आहे?"

सांगितलं असतं तर एका मिनिटात सगळं निवळलं असतं. पण सांगायचं म्हणजे डब्यापासून सांगावं लागलं असतं, आणि डबा मेतोदींचा होता. दाफिन्काबाई बिया सोलत राहिल्या. आपल्याविषयी कुजबुज चालली की मान कशी ताठ होते, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. एक्स्चेंजमधले कितीतरी आवाज रात्रभर त्यांच्या कानात वाजत राहिले.

शेवटी बातमी पेन्चोंपर्यंत पोचली. जेवताना ते म्हणाले, "लोक म्हणतात, तू कुणा गान्चेवकडे जातेस."

"जाते. आजारी आहे तो. काय झालंय ते सांगू शकत नाही."

पेन्चोंनी पाव मोडला. "लोणचं त्याचंच का हे? फ्लॉवर जरा करकरीत ठेवतो तो. आवडलं मला." आणि त्यांनी आणखी वाढून घेतलं.

ईस्टरपर्यंत मेतोदी अर्ध्या गोळीवर आले, मे महिन्यात तीही सुटली. झोप पाचच तास लागते, पण डॉक्टर म्हणतात वयाला पुरे. पहाटे जाग आली की ते नेवेनाने काढलेली चित्रं कपाटातून बाहेर घेऊन बसतात. दोन वर्षं त्यांनी त्या कपाटाला हात लावला नव्हता. चारशेच्या वर निघाली, बरीचशी समुद्राची. त्यातली निम्मी मुलीकडे पाठवून दिली, आणि एक, वादळात उलटलेल्या निळ्या होडीचं, त्यांनी दाफिन्काबाईंना दिलं.

ते लटकवायला पेन्चोंनी दोन खिळे वाया घालवले आणि तरी चित्र डावीकडे कललंच. दाफिन्काबाई म्हणतात, वाकडं आहे. पेन्चो म्हणतात, उलटलेली होडी सरळ कशी दिसणार. तो वाद अजून मिटलेला नाही.